जाऊन राहिलो

मौदा ओलांडला आणि भर उन्हात गाडी बंद पडली. मागच्या सीटवर आई. सकाळी चहा पिताना तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, आणि गावच्या डॉक्टरांनी "धंतोली गाठा, वेळ घालवू नका" म्हणून आम्हाला पिटाळलं होतं. माझ्या मोबाइलनं नेमकी तेव्हाच मान टाकली. हात केला तर एक गाडी थांबेना.

रस्त्याकडेला हायवेचा पिवळा मदत-फोन दिसला. देव पावला, वाटलं. अंगठा दुखेपर्यंत बटण दाबलं, तेव्हा खरखरीतून एक बाई बोलल्या, अगदी पुस्तकातलं मराठी. मी घाईघाईत सांगितलं, "आईले लकवा मारला, धंतोलीले दवाखान्यात घेऊन जाऊन राहिलो, गाडी बंद पडली, लवकर पाठवा कोणाले तरी." "पाठवते," त्या म्हणाल्या. मी आईला सांगितलं, आता येतीलच.

कोणी येईना. पुन्हा बटण दाबलं.

"सर, पेशंट धंतोलीला पोहोचल्याची नोंद आहे. गाडी उचलायला क्रेन संध्याकाळपर्यंत येईल."

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे 'जाऊन राहिलो' म्हणजे अजून रस्त्यातच आहोत. बाईंच्या मराठीत आम्ही गेलो आणि तिथंच राहिलो.

"अहो बाई, तुमच्याच डब्यापाशी उभा आहे मी. धंतोलीतून कसा बोलीन?"

"मग पेशंटजवळ कोण आहे, सर?" त्यांनी विचारलं, आणि लाइन कटली. तो डबा फोडावा असं वाटलं मला.

शेवटी कामगारांच्या एका बसनं आईला उचलून नेलं. धंतोलीत डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणायला पाहिजे होतं." हात गेला तो गेलाच.

आता तिथं नवा डबा आहे. सोलर पॅनेल, कॅमेरा, सगळा थाट. लोकांच्या सूचना मागवल्या तेव्हा मी जाऊन सांगितलं, पलीकडे आमचं बोलणं समजणारं माणूस बसवा. हायवेचे साहेब हसून म्हणाले, "तुम्हीच जरा शुद्ध बोललात तर?" माझी आई लुळी पडली, आणि हे मले व्याकरण शिकवून राहिले.

तपासणीला नेताना तो डबा दिसला की आई डाव्या हातानं माझ्या खांद्यावर टिचकी मारते. जड जिभेनं म्हणते, "म्हण न बाप्पा."

"आम्ही जात आहोत," मी म्हणतो.

ती हसते, अर्ध्याच तोंडानं.