ताईच्या चेहऱ्याचा रंग

तीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे रंगवून तिचा हात असा बसला होता, की डाव्या हातात चहाचा कप धरून गप्पा मारता मारता ती उजव्या हातानं एखाद्या नटीची दहा वर्षं सहज पुसून टाकायची. स्टुडिओत सगळे तिला मेकअपमावशी म्हणत. तिच्या कामाला कधी कुणी नावं ठेवली नव्हती. पण नवा डिजिटल कॅमेरा आला, आणि त्याच आठवड्यात चारचौघांत तिला ऐकून घ्यावं लागलं.

"मावशी, हा चेहरा आहे का भिंत?" दिग्दर्शक मॉनिटरसमोरून ओरडला. "थर दिसतायत थर!"

सगळे हसले. ज्या नटीचा तो चेहरा होता, ती मावशीची सख्खी थोरली बहीण. मालिकांमध्ये जन्मभर कुणाची ना कुणाची आई झालेली आणि खऱ्या आयुष्यात लग्नच न केलेली. दोघी बहिणी एकाच घरात राहत, एकाच डब्यातलं जेवत.

"भिंत जुनी झालीये हो, लिंपायला नको का?" ताई म्हणाली, आणि तिनं सगळं हसू स्वतःवर ओढून घेतलं.

घरी आल्यावर मावशीनं तोंड उघडलं. "जुन्या फिल्मला माझा हात कळायचा. हा मेला कॅमेरा केसांची मुळं मोजत बसतो."

"मग त्याला काय दिसतं ते शिकून घे. तू रुसून बसलीस तर तो काय समजूत काढायला येणारेय?"

म्हणून बावन्नाव्या वर्षी मावशी पुन्हा वर्गात जाऊन बसली. स्टुडिओमागच्या गोदामात एक निवृत्त कॅमेरामन दर रविवारी सकाळी शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पहिल्या दिवशी तिनं कॅमेरा उचलला तो गरम पातेलं उचलावं तसा, अंग चोरून. हळूहळू भिंगातून किती उजेड आत घ्यायचा ते कळलं, दिव्यापुढे कापड धरलं की सावलीची धार कशी बोथट होते तेही कळलं. दिव्यांचे रंग मात्र तिला बरेच दिवस चकवत राहिले.

"आपला डोळा लबाड असतो, बाई," मास्तर म्हणाले. "पिवळ्या दिव्याखालचा कागदसुद्धा तो पांढराच आहे म्हणून सांगतो. कॅमेऱ्याला असली सांभाळून घ्यायची सवय नाही. पांढरं म्हणजे कोणतं, ते त्याला आधी दाखवावं लागतं."

चौथ्या महिन्यात प्रत्येकानं एकेक चेहरा दिव्यांनी उजळून दाखवायचा होता. मावशीनं ताईला नेलं. ताई त्या दिवसांत वाळली होती, अंगाला सारखी खाज सुटायची. "तुझ्या नव्या रंगाचे प्रताप," असं ती चिडवायची, आणि मावशीनं दोनदा रंगाचा डबा बदलला होता.

ताई काहीही न लावता खुर्चीत बसली. मावशीनं डावीकडे कापडाआडून मोठा दिवा लावला, उजवीकडे थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला, कागद धरून कॅमेऱ्याला पांढरं दाखवलं. मॉनिटरवर बघितलं तर चेहरा पिवळा. तिनं पुन्हा कागद धरला. पुन्हा पिवळाच.

"मास्तर, माझं कुठेतरी चुकतंय."

मास्तरांनी खिशातला पांढरा रुमाल काढून ताईच्या खांद्यावर ठेवला. मॉनिटरवर रुमाल स्वच्छ पांढरा होता. त्याच्या वरचा गळा, हनुवटी, कपाळ, सगळं पिवळं.

"कॅमेरा बरोबर आहे, बाई," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं बघा."

"काय गं? इतकी वाईट दिसतेय का?" ताईनं खुर्चीतून विचारलं.

"नाही गं. जरा बाहेर उजेडात ये."

आठवड्याभरात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती, आणि ती पसरली होती. "आधी कळलं असतं तर?" मावशीनं विचारलं. डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

तेच तिला खात राहिलं. मेकअपच्या खोलीत आरशाभोवती पिवळे बल्ब होते, त्यांच्याखाली पिवळेपणा कुणाला दिसणार? अशी ती मनाची समजूत घालायची. पण मग एक सकाळ आठवायची. त्या दिवशी ताईसाठी रंग कालवताना तिनं गुलाबी जरा जास्त घेतला होता. का घेतला, ते तेव्हा मनात आलंच नाही. हाताला कळलं होतं, आणि हातानं ते झाकून टाकलं होतं.

एका दुपारी तिनं ताईला हे सांगून टाकलं.

"खाज सुटते म्हणून फेकलास ना तो डबा?" ताई म्हणाली. "चांगला होता गं तो रंग."

मालिकेतला ताईचा एक प्रसंग उरला होता. लेखक ते पात्र परगावी पाठवायला तयार होता, ताई ऐकेना. त्या दिवशी मावशीनं दिवेवाल्याशी बोलून दिवे बदलून घेतले, मुख्य दिवा मऊ करून ताईच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, आणि चेहऱ्यावर रंगाचा जेमतेम हात फिरवला. दिग्दर्शक मॉनिटरकडे बघत राहिला. "मावशी, आज काही लावलं नाही का?"

"लावलंय. दिसत नाही."

पाच आठवड्यांनी ताई गेली. तो भाग त्यानंतर टीव्हीवर लागला. शेजारीण मुद्दाम सोबतीला येऊन बसली होती. "किती टवटवीत दिसतात नाही?" ती म्हणाली. मावशी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते तिला बघवेना.

ती पुन्हा कामावर गेली. घर एकटीचं झालं होतं, दिवस कुठेतरी घालवायलाच हवा होता. आता ती आधी चेहरा कोरडा पुसून घेते, माणसाला खिडकीशी नेते, खालची पापणी ओढून बघते. नट्या वैतागतात. एकदा एका म्हाताऱ्या नटाला तिनं बळंच तपासायला पाठवलं. चार दिवसांनी तो तणतणत आला.

"काही निघालं नाही, मावशी! ठणठणीत आहे मी. उगाच घोर लावलात जिवाला."

"बरं झालं," ती म्हणाली, "बरं झालं हो," आणि त्याच्या कपाळावर स्पंज टेकवता टेकवता तिला असं रडू फुटलं, की तो बिचारा खुर्चीतून उठून तिलाच तिथे बसवून पाणी आणायला धावला.