येतो म्हणून जाणारी माणसं

एखाद्या समाजाची संस्कृती जाणून घ्यायची असेल, तर तो समाज निरोप कसा घेतो ते पाहावं. हे वाक्य मला ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनहून टूवूंबाला जाणाऱ्या बसमध्ये सुचलं. बस घाट चढत होती, खाली दरीत धुकं भरलं होतं, आणि अशा वेळी माणसाला अशी वाक्यं सुचतात. टूवूंबात उतरल्यावर कळलं, की इथे निरोप गाडीच्या खिडकीतून, इंजिन चालू ठेवून घेतात. त्यापायी माझे कांदेपोहे फुकट गेले.

मी ठाण्याची, गणिताची शिक्षिका. गणित शिकवणाऱ्यांना इथे मागणी आहे, म्हणून कायम राहण्याची परवानगी घेऊनच मी आले. शाळेचा पहिला दिवस संपला तेव्हा मुख्याध्यापिका डेब हिने मला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. टूवूंबात गाडी नसलेला माणूस म्हणजे दयेचा विषय. "सी यू लेटर, मॅड्स!" म्हणत ती गेली. सकाळपर्यंत मी मधुरा होते, दुपारनंतर मॅड्स झाले. लेटर म्हणजे संध्याकाळी, असं धरून मी पोहे केले, फ्रोजन खोबरं का होईना पण वर पेरलं, आणि व्हरांड्यात बसले. डेब आली नाही. आली ती गौरी, इथल्या हॉस्पिटलमधली डॉक्टर, मूळची पुण्याची. तिच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहते.

"कोणाची वाट बघतेयस?"

"डेबची. लेटर येते म्हणाली."

गौरी पायरीवर बसून हसली. "अगं बाई, सी यू लेटर म्हणजे बाय. तुझं तोंड परत बघायची तिने काहीही प्रॉमिस केलेलं नाही. आण ते पोहे, मी शिफ्टवरून आलेय."

मला राग आला. येणार नसाल तर येतो म्हणू नये, इतकी साधी अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी मी नेमकं तेच केलं. स्टाफरूममधून निघताना सवयीने म्हणून गेले, "येते हं, आय विल कम." खाली पार्किंगपर्यंत पोचले तर डेब किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन मागे धावत आली. "परत येणार आहेस का, मेट? मी कुलूप लावायची थांबलेय."

"नाही. मी चालले."

"मग येते का म्हणालीस?"

मी तिला समजावलं, की आमच्याकडे 'जाते' म्हणत नाहीत. जाताना परत येण्याचंच बोलायचं असतं. डेब म्हणाली, "हाऊ क्यूट!" माझ्या आजीने, पणजीने दारात उभं राहून पाळलेली रीत मांजराच्या पिल्लाच्या पंगतीत जाऊन बसली.

डेबच्या मागून एक माणूस डबा घेऊन जिना उतरत होता आणि आवाज न करता हसत होता. हा ताकुया, शाळेतला जपानी भाषेचा शिक्षक, मूळचा जपानमधल्या कुमामोतोचा. शाळा त्याला टॅको म्हणते. टॅको हा मेक्सिकोतला खाद्यपदार्थ आहे, याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

"आम्हीपण हेच म्हणतो," तो म्हणाला. "इत्तेकिमास् (जाऊन येतो). मग घरातला माणूस म्हणतो, इत्तेराश्शाई (जाऊन ये)."

"मग म्हणा."

"नाही. ते फक्त घरून निघताना. शाळेत मुलं शिक्षकांना सायोनारा म्हणतात."

"आणि घरी सायोनारा म्हटलं तर?"

त्याने जरा विचार केला. "तर बॅग मोठी असते."

व्याकरणाचा इतका काटेकोर माणूस मला आवडणार हे तेव्हाच दिसत होतं.

त्याच्याकडे एक जुनी गाडी होती. तिच्यातून मी हा प्रदेश पाहिला. शहर डोंगराच्या अगदी कडेला वसलेलं. पूर्वेला एकदम दरी, पश्चिमेला काळ्या मातीची सपाट शेती आणि मैलोन्मैल सूर्यफुलं. तो प्रत्येक वळणावर गाडी हळू करायचा आणि मागच्यांच्या शिव्या खायचा. कड्याच्या टोकाशी बसून आम्ही डबे उघडायचो. त्याच्याकडे भाताचे गोळे, आत उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ). माझ्याकडे वरणभात आणि लिंबाचं लोणचं. त्याने लोणचं चाटलं, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाला, "हे तेच आहे." नात्तो (आंबवलेले सोयाबीन) मात्र तेच नव्हतं. मी तोंडात घातलेल्या घासाचं काय करावं हे तिथल्या एका मॅगपाय पक्ष्याला विचारलं. त्यानेही मान फिरवली.

आईला फोनवर त्याच्याबद्दल सांगितलं.

"जपानी? खातो काय?"

"भात."

"रोज?"

"तीन वेळा."

"मग बघ बाई तुझं तू," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजातून आमच्या आळीतल्या, रोज गरम पोळ्या मागणाऱ्या स्थळांवरचा जुना राग डोकावला.

एका रविवारी मी त्याच्या घरून निघाले. जेवण झालं होतं, भांडी मी पुसली होती. दारात वाकून सँडल चढवताना सवयीने म्हटलं, "येते." मागून आवाज आला, "इत्तेराश्शाई."

एक सँडल पायात, एक हातात, अशी मी उभी राहिले. हे फक्त घरून निघताना म्हणतात, हे मला शिकवणारा हाच. चुकून म्हणाला असेल म्हणून वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

मग आला शाळेचा संस्कृती दिन. पुठ्ठ्याची लाल कमान उभारली गेली, जपानी देवळापुढे असते तशी. मला साडी नेसून नाच बसवायची सूचना झाली. मी गणित शिकवते, असं मी सांगून पाहिलं. ताकुयासाठी डेबने वेशभूषेच्या दुकानातून एक रेशमी झगा आणला होता. तो तिने सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने त्याला घातला, उजवी बाजू डावीवर ओढून कमरेशी गाठ मारली आणि टाळ्या घेतल्या. ताकुया पुठ्ठ्याच्या कमानीमागे गेला आणि झगा सोडून, डावी बाजू वर घेऊन पुन्हा बांधून आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तसा फक्त प्रेताला घालतात."

डेब व्यासपीठावर सांगत होती, "जपानला आपल्या शाळेच्या हृदयात कायमचं घर आहे."

सोमवारी स्टाफ मीटिंगमध्ये कळलं, की वर्षअखेरीस जपानी विषय बंद. ज्यांना शिकायचं त्या मुलांनी टॅबवरच्या ॲपवरून शिकावं. ताकुयाचा व्हिसा या नोकरीवर होता. नोकरी गेली की तोही गेला.

मी उठले. "डेब, कायमचं घर शुक्रवारी दिलंत. आज घरमालकांनी रिकामं करायला सांगितलं का?"

"मॅड्स, नो वरीज. टॅकोला चालतंय. हो ना, टॅको?"

"दाइजोबु (चालेल)," ताकुया हसून म्हणाला.

मला डेबचा आला नव्हता इतका राग त्याचा आला. विद्यापीठातल्या जपानी बागेत मी तो काढला. बाग सुरेख आहे. तळ्यातले मासेसुद्धा शिस्तीत वळतात. त्या शांततेत मी ठाण्याच्या पट्टीत ओरडले.

"काय चालेल? प्रेताचा झगा चालेल, टॅको चालेल, हाकलून दिलं तरी चालेल! भांडता येत नाही तुला?"

"भांडून व्हिसा मिळत नाही."

"माझ्याकडे परवानगी आहे. आपण जोडीदार म्हणून अर्ज करू शकतो. तू विचारतही नाहीस."

"व्हिसा संपताना विचारलं, तर ते व्हिसासाठी विचारल्यासारखं होतं."

"मग मी विचारते. मला सहा वर्षांच्या मुलाचं नाही, बावीस वर्षांच्या पोराचं नाही, चौतीस वर्षांच्या माणसाचं उत्तर दे. परत येणार आहेस का?"

तो माशांकडे बघत म्हणाला, "आधी आई-वडिलांना समोर बसून सांगावं लागेल. फोनवर नाही. सांगून झालं की कळवतो."

हे उत्तर नव्हतं, हे गणित शिकवणाऱ्या कोणालाही कळेल.

निरोप समारंभात केक होता. केकवर निळ्या साखरेत जपानी अक्षरांत मोठ्ठं सायोनारा. मी तो केक खाल्ला नाही. तत्त्वासाठी शेजारचं लॅमिंग्टन (चॉकलेट-खोबऱ्यातला केकचा तुकडा) खाल्लं. मुलं रांगेने आली, वाकली, सायोनारा सेन्सेई (गुरुजी) म्हणाली. त्यांचं बरोबरच होतं. त्यांना त्यानेच शिकवलं होतं. डेबने त्याला मिठी मारली. "सी यू लेटर, टॅको!"

ब्रिस्बेनच्या विमानतळापर्यंत त्याची गाडी मी चालवली, कारण ती तो माझ्यासाठी ठेवून जात होता. बॅग मोठी होती. आता सुरक्षातपासणीच्या दारापाशी हा कोणता शब्द उच्चारतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने पासपोर्ट खिशात घातला, सरळ उभा राहिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "येतो."

मला काय म्हणायचं असतं तेच आठवेना. "ये," मी म्हटलं. मग घाईने त्याच्या भाषेतलंही म्हटलं. मागच्या प्रवाशाने ट्रॉलीने माझ्या टाचेला ढोसलं.

परतताना घाटात तेच धुकं होतं आणि मला पुन्हा वाक्यं सुचायला लागली. दोन भाषा, मध्ये केवढा तरी समुद्र, आणि दारातून निघणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन्हीकडे परत येण्याचाच शब्द. इथली माणसंही भेटू म्हणतात. फक्त त्यांना ते शब्द ऐकू येत नाहीत. घरी पोचले तर व्हरांड्यात त्याचा भाताचा कुकर ठेवलेला. सकाळी मला नकळत आणून ठेवला असणार. तीन वेळा भात खाणारा माणूस आपला कुकर ठेवून जातो, याहून मोठं वचन कोणतं? मी गौरीला हाक मारून दाखवला.

गौरीने कुकर उलटा करून खालची पट्टी वाचली.

"इथे घेतलेला आहे," ती म्हणाली. "तिकडे व्होल्टेज निम्मं असतं. चालला नसता."