तिसरी घागर

मी भुताखेताला मानणारी बाई नाही. दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनात सरकीच्या धुरळ्यात उभं आयुष्य गेलं, घाबरायला सवड कुठं होती... अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर हसायची. शाळा दुसरीपर्यंत. म्हणून मी सांगतेय अन् लिहिणारं दुसरं आहे. जे झालं तेच सांगते.

आमचं गाव दोंडाईच्यापासून दोन कोसांवर. माझा जन्म आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. त्याच दिवशी, मला जन्म देऊन घटकाभरात आई गेली. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात. अन् त्याच दिवशी घरातल्या मेलेल्यांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, नि आंबा ठेवतात. एका माणसाची एक घागर. म्हणजे माझा जन्मदिवस आला की आबा, माझे वडील, आईची घागर भरायचे. बाया माझ्याकडं बघून म्हणायच्या, "आखाजीले जलमनी, मायले खाई गयी." मी ऐकून घ्यायची.

लग्न झालं, जिजा झाली. जिजा तीन वर्षांची असताना माझा नवरा गल्लीतल्या पोरींसाठी निंबाला झोका बांधायला चढला. फांदी मोडली. डोक्यावर पडला तो उठलाच नाही. दिवस — आखाजी. सासरच्यांनी मला नि जिजाला आबांकडं आणून सोडलं. आबांनी दुसरी बायको केली नव्हती. तेव्हापासून आमच्या घरात दोन घागरी.

जिजाचं लग्न केलं चाळीसगावकडं. गावच्या साऱ्या लेकी आखाजीला यायच्या, मी मात्र जिजाला कधी बोलावलं नाही. आखाजी झाली की आठ दिवसांनी गाडी पाठवायची. जिजा रुसायची. कारण मी सांगितलं नाही.

ज्या साली स्वातंत्र्य आलं त्या सालची आखाजी. जिजा पहिलटकरीण, दिवस भरायला पंधरा दिवस बाकी. तिच्या सासूनं न विचारता आखाजीच्या आदल्या दिवशी तिला आणून सोडलं. मला जेवण गेलं नाही.

त्याच दुपारी बायजाकाकू आली. ही गावची कुंभारीण. कोणाच्या घरी किती मेलेले हे तिच्या डोक्यात असायचं. कोणाला विचारायची नाही, आदल्या दिवशी तेवढ्या घागरी ओट्यावर ठेवून जायची. पन्नास घरं, पण कधी चुकली नाही.

तिनं आमच्या ओट्यावर तीन ठेवल्या.

मी म्हटलं, "काकू, तीन कसाले?"

"तूच ते सांगी गयी काल दुफारले. आते माले काय इचारस?"

ती म्हणते त्या दुपारी मी घरातच होते. आखाजीनंतर येणाऱ्या जिजासाठी बाजेचा सुंभ आवळत होते. तसं सांगितलं तर काकू चिडली. म्हणाली, म्हातारी झाले, आंधळी नाही. तूच होतीस, तोंड तुझंच, फक्त ऊन लागून उतरलेलं. बोलली थोडंच, तिसरी देजो म्हणाली, अन् आव्यातल्या भाजून निघालेल्या घागरी एकेक वाजवून पाहिल्या.

आबा बाजेवर पडलेले होते. ते उठून बसले. एवढंच विचारलं, "कोनता हातवरी वाजाडी?"

काकूनं आठवून सांगितलं, "डावा."

आबा परत आडवे झाले. मी तर उजव्या हाताची.

सकाळी जिजाला कळा लागल्या. सुईणीनं पोटावर हात फिरवला अन् माझ्याकडं बघितलं नाही. मूल आडवं होतं. आतून जिजानं विचारलं, "माय, घागरी किती शेतस?" मी म्हटलं, दोन. बाहेर आले, तिसरी उचलली, उकिरड्यावर नेऊन फोडणार होते. आबांनी मनगट धरलं.

"फोडू नको. ही मनी शे."

मी म्हटलं, जित्या माणसाची घागर कोणी भरतं का? त्यांनी आंघोळ केली, विहिरीवरून स्वतः पाणी आणलं. आईची भरली, जावयाची भरली. मग तिसरी, काठोकाठ. वर डांगर ठेवलं, आंबा ठेवला, अन् आपल्याच घागरीला हात जोडले. मग निंबाखाली बाज टाकून पडले.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पोर रडलं. सुईण म्हणाली, आपोआप फिरलं, मी काहीच केलं नाही. मुलगी. जिजा पांढरीफटक, पण शुद्धीत. मी आबांना सांगायला धावले... आबा गार पडत चालले होते. डोळे मिटलेले, तोंडावर काही त्रास नाही.

दहाव्याला मावशी आली, माझ्या आईची धाकटी बहीण. मडकं घ्यायचं होतं, मी बोटांनी वाजवून पाहत होते. ती सहज म्हणाली, "तुनी माय डावा हातवरी वाजाडे. सासूनी मारी मारी सोडावं, तरी सुटनं नही." एवढ्या वर्षांत हे मला आबांनीही सांगितलं नव्हतं. गावात आता कोणाला ठाऊक उरलं नव्हतं. काकू तर आई गेल्यावर लग्न होऊन गावात आलेली.

लोक म्हणाले, म्हातारं माणूस, वैशाखाचं ऊन. म्हणाले, कुंभारणीला भास झाला. असेल. मूलही कधी कधी फिरतं. एकेक घेतलं तर पटतं, सगळं एकत्र घेतलं तर मला पटत नाही. अन् दुसरं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

आता आमच्या ओट्यावर तीन घागरी येतात. हे जी लिहून घेतेय ती त्याच दिवशी जन्मलेली माझी नात. पुढच्या महिन्यात ती बाळंत होणार आहे, दिवस आखाजीच्या आसपासचे. मी यंदा तिला आखाजीला इथं राहायला अडवलं नाही. आदल्या दिवशी ओट्यावर बसून मोजेन. तीन आल्या तर ठीक. चार आल्या तर कोणाला विचारणार नाही, चौथी मी भरेन.

हे ऐकून तिनं लिहायचं थांबवलंय. लिही म्हटलं, बाई.