भागीची जट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला ठाऊक नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. ज्या बहिणीचं हे सगळं आहे तिला तर मुळीच नाही — आणि आधी तिलाच सांगायला हवं होतं, एवढं मला कळतं. तरी तुम्हांला सांगतो आहे. तुम्हांला उद्या तोंड दाखवायचं नाही, म्हणून असेल.

आम्ही धसईच्या पलीकडचे, डोंगराच्या पायथ्याचे. बाप पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात राबायचा, आणि दिवाळी झाली की रानात कोळशाच्या भट्टीवर जायचा. तिथून परतला की डोळ्यांचं पांढरं तेवढं ओळखीचं वाटायचं. भात लावायचो, कापायचो, झोडायचो. घरात शिजायची मात्र नाचणी, तीही पाणी वाढवून. मी दहा वर्षांचा असेन तेव्हा आई बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मागे बाप, मी, आणि पाच-सहा वर्षांची भागी.

आई टोकावड्याकडची. तिचे केस कुरळे होते, अगदी स्प्रिंगसारखे वळलेले. आमच्या गावात सगळ्यांचे सरळ. बायका तिला हसायच्या, "सुगरणीचा खोपा डोक्यावर घेऊन आली," म्हणायच्या. भागीनं तेच केस घेतले. माझेही तसेच — पण बाप माझं डोकं वस्तऱ्यानं भादरायचा, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता.

आई म्हणायची, "आपला केस वायट नाय रे, तऱ्हेवाईक हाय. त्याच्या कलानं घ्यावा लागतो." कोरड्या केसाला ती फणी लावू द्यायची नाही. रिठ्याच्या पाण्यानं धुवायचे, जास्वंदीची पानं कुटून त्यांचा बुळबुळीत रस चोळायचा, मग केस ओले असतानाच बोटांना मोहाच्या बियांचं तेल लावून गुंता सोडवायचा. तोही टोकापासून, हळूहळू वर. मुळापासून ओढायचं नाही. फडक्यानं खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. मी शेजारी बसून रिठे फोडून द्यायचो. बघून बघून मला सगळं आलं.

आई गेल्यावर विधवा आत्या घर सांभाळायला आली. तिचे केस सरळ. तिनं भागीला पुढ्यात घेतलं आणि कोरड्या केसांत फणी घातली. पोर ओरडली, केस पिंजलेल्या कापसासारखे फुगले, फणीचे दोन दात मोडले. "कसले गो मेले राक्षसाचे केस," आत्या म्हणाली आणि फणी टाकून उठली. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. ओढ्यावर नेऊन मी भागीचे केस धुवायचो, सोडवायचो. ती गप्प बसायची. मधेच मान मागे टाकून माझ्याकडे उलटं बघायची आणि हसायची.

आणि मग — माझ्याबरोबरची पोरं ओढ्यावर यायला लागली. "काय गो काशीबाय, आज वेणी का अंबाडा?" माझं नाव काशिनाथ. शाळेत, गुरांमागे, देवळापाशी, जिथं जाईन तिथं काशीबाय. मी सोडून दिलं. आत्याला सांगितलं, भागी नीट बसत नाही. भागी माझ्या मागे मागे यायची, केस माझ्यासमोर धरायची. मी हात झटकायचो.

त्या वर्षी आवणीला, भाताची रोपं लावायला, तिलाही शेतात नेलं. दिवसभर इरल्याखाली, डोकं ओलं, चिखलाचे हात तसेच केसांना. पावसाळाभर कुणी त्यात बोट घातलं नाही. घट बसले तेव्हा मानेवर केसांचा एक गोळा झाला होता, उंबरासारखा घट्ट. आत्यानं तो चाचपला आणि हात कपाळाला लावला. म्हणाली, "देवी आली गो बाय माझी."

तुम्हांला माहीत असेल — आमच्याकडे जट आली म्हणजे देवी आली. तिला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. अशा पोरीचं लग्न होत नाही, ती देवीची असते. आत्यानं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बाप घट्टे पडलेले हात जोडून स्वतःच्या पोरीच्या पाया पडला.

मला ठाऊक होतं तो गुंता आहे. मोहाचं तेल आणि आठवडाभराच्या संध्याकाळी, एवढ्यात सुटला असता. मी बोललो नाही.

हाच माझा गुन्हा, असं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. दहा-अकरा वर्षांचं पोर, चिडवण्याला भ्यालं — कोण दोष देईल? पण मी तुम्हांला हे सांगायला बसलेलो नाही. हे सोपं आहे. खरं पुढे आहे.

भागीच्या पाया पडायला बायका येऊ लागल्या. मंगळवार-शुक्रवार ओटी भरायच्या, तांदूळ ठेवायच्या. आमच्या चुलीवर भात शिजू लागला. मुरबाडच्या भाताच्या एका व्यापाऱ्याची बायको, सगळे तिला शेठाणी म्हणायचे, मूल होत नव्हतं म्हणून भागीला नवस बोलून गेली. वर्षादीड वर्षात तिला मुलगा झाला. ती लुगडं घेऊन आली, देवीसाठी काय करू विचारू लागली. आत्यानं मला पुढे केलं — देवीच्या भावाला शिकवा. मी मुरबाडला तिच्या ओसरीवर राहून शिकलो, मग कल्याणला, मग मुंबईत कॉलेजात. फी तिची, वह्या तिच्या, अंगावरचा सदरा तिचा. मी हुशार होतो, हे मी लपवणार नाही. पण आमच्या गावात हुशार पोरं आणखीही होती. ती गुरांमागेच राहिली.

मुंबईला मी केस वाढवले. आईचेच केस. रोज सकाळी ओल्या केसांत खोबरेलाची बोटं फिरवायची, टोकापासून वर, मग हलकेच टिपायचे. खोलीतली मुलं विचारायची, "काय लावतोस रे?" मला आवडायचं. आरशात बघताना भागीची आठवण यायची का? — यायची. मी आरसा ठेवून द्यायचो.

मी इंटरला होतो त्या वर्षी, शिमग्याच्या सुट्टीत, सापगावची माणसं घरी आली. शहापूरजवळचं सापगाव. त्यांच्या मुलानं भागीला धसईच्या बाजारात पाहिलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. जट आहे हे ठाऊक असून तो हटून बसला होता. चांगला राबता मुलगा, घरची जमीन. अशी माणसं आमच्या दारात कधी आली नव्हती.

त्या दिवशी सकाळी विहिरीवर भागीनं मला थांबवलं. तिची जट एव्हाना कमरेपर्यंत आली होती, ती पदरात गुंडाळून घेतलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तुला ठावं हाय ना, माजे केस आईवानी होते? तू त्यांना सांग ना." एवढंच. मग हंडा उचलून गेली.

दुपारी ओटीवर सगळे बसले. आत्या सांगत होती, देवीची पोर आहे, देता येत नाही. बाप मान खाली घालून बसलेला. मुलाचा म्हातारा बाप तिचं ऐकून घेत होता, पण बघत होता माझ्याकडे.

तो म्हणाला, "बाबा, तू कालेजात जातोस, तुझा सबूद आमी मानू. ही देवीची जट हाय का नुसता गुंता हाय? गुंता असल तर आमी तेल लावून सोडवू. नाय सुटला तर कापू. आमाला पोर पायजे."

भागी दाराआड उभी होती. तिची पावलं दिसत होती, धुतलेली.

काय आलं माझ्या मनात? देवी नाही आली. आई नाही आली. शेठाणी आली. गुंता म्हटलं तर तिला झालेला मुलगा कुणाचा प्रसाद? मग ती फी कशाला भरेल? अजून दोन वर्षं होती बी.ए.ला. दोनच वर्षं. मी हे सगळं त्या म्हाताऱ्याच्या एका श्वासाइतक्या वेळात मोजून घेतलं — इतका मी हुशार.

मी म्हणालो, "देवीची."

म्हाताऱ्यानं टोपी घातली. उठताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, खरं सांगितलंस म्हणून. भागी बाहेर आली, चहाच्या वाट्या उचलून आत घेऊन गेली. ती रडली नाही. रडली असती तर मी कदाचित बोललो असतो, असं मी म्हणू शकतो — पण ते खोटं होईल. मी बोललो नसतो.

तुम्ही म्हणाल, तिला राग आला असेल. तोच तर आला नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. आत्याचं तिला कधी पूर्ण पटलं नव्हतं, म्हणून तर विहिरीवर ती तसं म्हणाली. पण शिकलेला दादा म्हणतो, म्हणजे देवीच. त्यानंतर ती जटेला जपू लागली. बसली की मांडीवर घ्यायची, लहान मुलाला थोपटावं तशी थोपटायची. मंगळवारी आलेल्या बायकांशी शांतपणे बोलायची, त्यांच्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवायची. तिला मान होता. तेवढा एक होता.

मी बी.ए. झालो. शहापूरला मास्तर झालो, लग्न केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आत्या गेली, मग बाप गेला. भागीला मी शहापूरला आणलं. तेव्हा पहिल्यांदा रोज जवळून बघितलं. जट गुडघ्याला पोचली होती, ओल्या दोरखंडासारखी जड. पावसाळ्यात ती वाळायची नाही. मान एका बाजूला कायमची कललेली, एकाच कुशीवर झोपायची. माझी बायको दोनदा म्हणाली, वन्सं रात्री कण्हतात. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

मग ताप आला. जटेखाली, मानेवर जखम होऊन आत चिघळली होती. डॉक्टर घरी आले, वास येताच मागे सरले. माझ्याकडे बघून म्हणाले, मास्तर, तुम्ही शिकलेले ना? हे आजच्या आज कापलं नाही तर बाई राहत नाहीत.

भागी शुद्धीवर होती. तिनं जट दोन्ही हातांनी छातीशी धरली. म्हणाली, "दादा, देवीची हाय म्हनून तूच बोललास ना? मग कापायची कशी?"

बघा, दार उघडं होतं. केवढं उघडं. खोलीत आम्ही दोघंच होतो, डॉक्टर बाहेर हात धूत होते. देवी कधी नव्हतीच, भागे, मी खोटं बोललो — इतकंच म्हणायचं होतं. आता शेठाणी नव्हती, फी नव्हती, पदवी कुणी काढून घेणार नव्हतं. भ्यायला काहीसुद्धा कारण नव्हतं.

मी म्हणालो, "देवी गेली, भागे. काल माझ्या स्वप्नात येऊन सांगून गेली."

मी, बी.ए., मुलांना भूगोल शिकवणारा माणूस.

तिनं हात सोडले. कात्री मीच चालवली. करकर वाजत होती, सुंभ कापावा तशी. कापून जमिनीवर ठेवली. तिच्या टोकाकडे सगळ्यांत जुने केस होते, आवणीच्या त्या वर्षाचे, चिखल वाळून त्यांचा दगड झालेला. वैतरणेच्या पाण्यात सोडून आलो.

भागी वाचली. महिन्याभरानं उठून बसली तेव्हा डोक्यावर बोटभर केस आले होते, आणि ते वळत होते. मी चुलीपाशी गेलो होतो, तिनं बोलावलं.

"दादा, देवी का गेली रे? माजं काय चुकलं?"

मी म्हटलं, असं काही नसतं.

"नाय, असंल कायतरी." ती विचार करून, अडखळत बोलत होती, तिच्या वयाच्या बाईला न शोभेल इतकी लाजत. "तो सापगावचा होता ना — त्याच्यावर माजा जीव गेलेला. कुनाला सांगलं नाय मी. देवीची असून मानसावर जीव लावला. त्यासाटीच रुसली असल. नाय का?"

मी उभा होतो. माझ्या हातात तिच्यासाठी आणलेलं पेजेचं भांडं होतं. मी ते तिच्या पुढ्यात ठेवलं, आणि गरम आहे, जपून घे, म्हणालो.

आता तिचे केस खांद्याच्या खाली आले आहेत. गुंता होत नाही, मी माझ्या बायकोला सगळी रीत शिकवली आहे — रिठे, जास्वंद, ओल्या केसांत तेलाची बोटं. शेजारच्या मुली म्हणतात, आत्याबाई, काय सुंदर केस तुमचे. भागी पदर घट्ट ओढून घेते. तिला ते केस बघवत नाहीत. ओटी भरायला आता कुणी येत नाही. सापगावचा तो मुलगा केव्हाच लग्न करून बसला. त्याची दोन मुलं माझ्याच शाळेत आहेत, हजेरी घेताना मी त्यांची नावं वाचतो.

भागी अजून मंगळवार धरते. दिवसभर पाणीसुद्धा घेत नाही. देवीनं क्षमा करावी म्हणून.

आणि मी आमच्या गावातला पहिला बी.ए. आहे.