घाटातल्या गाडीची कंडक्टर

सुनंदाताई तिकीट दिल्याशिवाय कुणाला मरू देत नसत. एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर रविवारी दुपारी बुलढाण्यातल्या आपल्या ओसरीवर त्या भुताचा खेळ मांडू लागल्या. खेळ त्यांच्या भाच्याने, सुमेधने, पुण्याहून आणलेला. प्रत्येकाने मनाने एक माणूस घडवायचा, त्याच्या तोंडून बोलायचं, संकट आलं की फासा टाकायचा. खेळातली परदेशी हवेली ताईंनी काढून टाकली आणि राजूर घाटात, धुक्यात बंद पडलेली गाडी घातली. कंडक्टर त्या स्वतः; त्यांनी तिकीट फाडलं तरच तो माणूस गाडीत.

मी सावंतवाडीकडची. नववीत शाळा सुटली, बेकरीतल्या कामासाठी इतक्या लांब आले आणि ताईंच्या वरच्या खोलीत राहू लागले. ताईंनीच हाताला धरून खेळात बसवलं. समोर कोर्टात टायपिस्ट असलेला सुमेध आणि शेजारच्या शबानाभाभी. आपल्याला कोणी हसू नये म्हणून मी असा माणूस घडवला की त्याला कशाने काही होऊच नये. पैलवान, एकटा, कशालाच न भिणारा.

"कुठं चालला हा?" ताईंनी विचारलं. "उतरल्यावर याची वाट कोण पाह्यते?"

"कुणीच नाही."

ताई त्या दोघांकडे वळल्या. "याच्याजोळ कोणी बसन काय?"

"मी तं उभा राहून जाईन," सुमेध म्हणाला.

माझे कान तापले. ताई म्हणाल्या, "पोरी, याले भुतानं नेलं तं गाडी हलकी झाली म्हणतीन लोकं. भेव तवाच वाटते, जवा गेलेला माणूस आपल्याले पाह्यजे असते. दुसरा आण."

पुढच्या रविवारी मी मालनला घडवून आणलं. घाट लागला की तिला मळमळतं, म्हणून ती आधीच आजूबाजूच्यांची माफी मागून लिंबं वाटते. नणंदेशी पटत नाही, तरी तिचंच बाळंतपण करायला मलकापूरला निघालेली.

शबानाभाभी लगेच सरकल्या. "हाव, हिच्याजोळ मी बसते. लिंबू दे वं." त्यांचा माणूस होता लग्नातला बँडवाला. ताईंनी मालनचं तिकीट फाडलं.

पण म्हणून ताई दया दाखवतील असं नव्हतं. जे आपली वाट पाहतंय, त्याच्याच आवाजात त्यांचं भूत हाक मारायचं. धुक्यातून नणंद कळवळून ओरडू लागली. माझा फासा कमी पडला आणि मालन खाली उतरली. मालन गेली की ओसरीवरची माझी जागाही गेली, असंच वाटत होतं मला, आणि या गावात दुसरी ओळख नव्हती.

"मी उतरतो तिच्या मांगं," भाभींचा बँडवाला म्हणाला.

"पाह्यजो बाबा," ताई म्हणाल्या. "दोघंही जासान."

"बाई एकटी हाय. वाजवत जातो. आवाजावर येईन ते वापस."

मालन आवाजाच्या रोखाने परतली. बँडवाल्याचा फासा मात्र फिरला. त्याचे सूर थोडा वेळ ऐकू आले, मग आले नाहीत.

मला रडूच फुटलं. "भाभी, तुमचा माणूस माझ्यामुळे गेला."

"जाऊ दे वं. वाजवत गेला."

मी ताईंना भीत भीत विचारलं, "पुढच्या रविवारी मी येऊ ना?"

"इचारून काऊन राह्यली? शबानाले नवा माणूस पाह्यजे. तो तूच घडव. तुले जमते."

शाळा सुटल्यापासून हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

ताई गेल्या हिवाळ्यात वारल्या. आता खेळातला कंडक्टर सुमेध. भाभींसाठी मी घडवलेला टरबूजवाला, न मागता फोड कापून देणारा, अजून जिवंत आहे. धुक्यातून बायकोची हाक आली की तो उतरू लागतो, आणि त्याच्यामागे मालनला घेऊन मला उतरावं लागतं. भीती वाटतेच. पण उतरते.