साहेबाचा कवी

आखातातल्या दोहा शहरातल्या त्या ऑफिसात मी टायपिस्ट होतो, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. आमच्या इंग्रज साहेबाला एक भलतंच वेड होतं: हजार वर्षांपूर्वीचा एक लॅटिन कवी. लहानपणी मठात दिलेला, तरुणपणी पळून राजदरबारी गेलेला. तिथे प्रेमाच्या आणि दारूच्या कविता करून त्याने नाव कमावलं, बदनामीही कमावली. म्हातारपणी मठाच्या दाराशी परतला आणि देवाची करुणा भाकणारी एक लांबलचक कविता लिहून मेला. साहेब कित्येक वर्षं तिचं इंग्रजी करत होता आणि टायपिंग माझ्या गळ्यात. मी मनातल्या मनात त्या कवीला शिव्या घालत असे.

त्या शेवटच्या कवितेच्या भाषांतराची हातानं लिहिलेली पानं माझ्याकडे देऊन साहेब दोन दिवस बहरीनला गेला. दुसरी प्रत नव्हती. टेबलावर जागा नाही म्हणून गठ्ठा मी खाली, कचऱ्याच्या टोपलीला टेकवून ठेवला. ऑफिस झाडणारे चाचा आमच्याच रत्नागिरीचे, माझ्याच खोलीत राहणारे. त्यांनी विचारलं, "ह्यात देवाचा नाव हाय काय रे?"

"पानोपानी आहे," मी मान वर न करता म्हणालो.

देवाचं नाव असलेला टाकाऊ कागद आमच्याकडे कचऱ्यात जात नाही. फडक्यात बांधून, दगड घालून समुद्रात सोडतात. दोह्याच्या धक्क्यावर घाण असते म्हणून चाचा शुक्रवारी लॉरीने थेट समैस्म्याच्या स्वच्छ किनाऱ्यावर गेले आणि पानं सोडून आले. शनिवारी सकाळी मी शोधाशोध करायला लागलो तेव्हा त्यांनी हे समाधानाने सांगितलं. साहेब यायला तासभर होता.

साहेबाने दोघांना आत बोलावलं. तो ओरडला नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. पानं टाकायची आहेत असं याला कोणी सांगितलं, ते विचार, एवढंच तो मला म्हणाला. मी विचारलं. चाचांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग साहेबाकडे.

"किसीने नहीं बोला, साब. मैंने किसीको पूछा भी नहीं."

साहेबाला हिंदी येत नव्हती. मी ते वाक्य व्यवस्थित इंग्रजीत करून सांगितलं. पुढच्या बोटीने चाचांना घरी पाठवलं.