निकालाआधी उठून गेलेला संपत

संपत गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू नाही, आधी राग आला. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सगळं आटोपलं, असं वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगत होत्या... तालमीत घासलेला गडी, असा न झुंजता जातो?

राजारामपुरीत माझ्या औषधाच्या दुकानाला लागून त्याचं म्युच्युअल फंडाचं ऑफिस. आशियातल्या बाजारांत पैसा लावणाऱ्या फंडांवर त्याचा भारी जीव. तैवान, कोरियातल्या कंपन्यांबद्दल असं बोलायचा, जणू त्या इथं जवळ मलकापुरातच आहेत. बाजार आपटला की ओपन फंडातले लोक पैसे काढायला धावत यायचे. तशी त्यांना मुभा होतीच, पण संपत अंगावर जायचा. एकाला तर त्यानं कॉलर धरून भिंतीवर आपटलेलं मी पाहिलं आहे. म्हणूनच त्याला क्लोज्ड फंड प्यारा. त्यातून मुदत संपेपर्यंत पैसे काढताच येत नाहीत. "कुस्ती निकालीच पायजे," म्हणायचा, "मधनं उठायचं न्हाय." थोरल्या भावाची, दादूची, सगळी शिल्लक त्यानं अशाच फंडात घातली.

आणि दादूच्या बायकोचा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेला. ऑपरेशनला तातडीनं पैसे हवे होते. त्या फंडाची युनिटं शेअर बाजारात विकता येतात, पण घेणारा भेटावा लागतो. संपत दिवसभर मिळेल त्या किमतीला विकायला बसला होता, कुणी घेईना. दादूला ते पटलं नाही. तो लोखंडी पाइप घेऊनच आत शिरला. दाराची काच फुटली, संपतचा जबडा मोडला, शर्ट रक्तानं भिजला... दादूला सहज लोळवू शकला असता अशा त्या पैलवानानं दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले. मी मध्ये पडलो तर मलाच डोळ्यांनी दटावलं. त्याच संध्याकाळी वहिनींचे दागिने गहाण टाकून त्यानं दवाखान्यात पैसे भरले. तरी दादूच्या बायकोचा हात मनगटापासून काढावाच लागला. दादू पुन्हा त्याच्याशी कधी बोलला नाही.

संपत गेल्यावर थोड्याच दिवसांत फंडाची मुदत संपली. पैसे आले, चांगले वाढून आले. दुसऱ्या दिवशी दादू माझ्याकडं आला आणि ऑफिस उघड म्हणाला. आत गेल्या गेल्या त्यानं संपतच्या टेबलावरची काच मुठीनं फोडली आणि त्याच टेबलावर कपाळ आपटू लागला.

"एकदा तरी हात उचलायचास की रं, संपा..."

मी त्याला आवरायला हवं होतं. पण मलाही संपतला तेच म्हणायचं होतं.